ग्रॅम, मोल आणि अपेक्षाबुद्धी

रसायनशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासात एककांचे रूपांतर हा भाग सर्वांत आधी येतो आणि सर्वांत लवकर मागे पडतो, कारण तो निव्वळ हिशेबाचा भाग आहे, त्यात विचार करण्यासारखे काही नाही, असा समज शिकणाऱ्याचा आणि पुष्कळदा शिकवणाऱ्याचाही असतो. ग्रॅमचे मिलिग्रॅम करताना हजाराने गुणावे, मिलिलिटरचे लिटर करताना हजाराने भागावे, एवढे पाठ झाले की काम भागते. परंतु या गुणाकार-भागाकारांच्या मुळाशी अंक बदलला तरी राशी बदलत नाही असे एक विधान गृहीत धरलेले असते. 'राशी' म्हणजे मोजता येण्याजोगा गुणधर्म, जसे वस्तुमान, लांबी किंवा घनफळ. आणि 'एकक' म्हणजे त्याच जातीची, तुलनेसाठी ठरवून घेतलेली एक राशी. दोन ग्रॅम मीठ आणि दोन हजार मिलिग्रॅम मीठ यांत मीठ तेवढेच, हे कोणीही सांगेल. पण 'तेवढेच' या शब्दाला आधार कशाचा, माणसांच्या ठरावाचा की पदार्थाच्या स्वभावाचा, आणि मोजणारा कोणीच नसेल तर संख्या पदार्थात असते काय, हे प्रश्न हिशेबाच्या वहीत सुटणारे नाहीत. भारतीय तर्कपरंपरेने ते हजार वर्षांपूर्वी फार गांभीर्याने हाताळले आणि विसाव्या शतकातील पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी वेगळ्या वाटेने त्यांना हात घातला.

प्रयोगशाळेतील एक अगदी साधे काम घेतले तर हे प्रश्न कोठे दडलेले असतात ते दिसते. मिठाचे, म्हणजे सोडियम क्लोराइडचे, ०.१ मोलर तीव्रतेचे २५० मिलिलिटर द्रावण करावयाचे आहे. एका लिटर द्रावणात जितके मोल द्राव्य विरघळलेले असते तितकी त्याची मोलर तीव्रता, आणि मोल म्हणजे कणांच्या एका ठरावीक, प्रचंड संख्येचा गठ्ठा, जसा बाराचा डझन. २५० मिलिलिटर म्हणजे ०.२५० लिटर, त्यात ०.१ मोलर हिशेबाने ०.०२५ मोल मीठ लागते. मिठाच्या एका मोलाचे वस्तुमान ५८.४४ ग्रॅम, म्हणून १.४६१ ग्रॅम, अर्थात १४६१ मिलिग्रॅम मीठ तोलून घ्यावयाचे. काट्यावर कागद ठेवून चमच्याच्या टोकाने मीठ घातले जाते, आकडा १.४५ च्या पुढे सरकला की हात आवरता घेतला जातो, आणि अखेरचे काही कण चमच्याच्या दांड्यावर बोटाने हलकेच टिचकी मारून पाडले जातात. मग ते मीठ मानेवर रेघ असलेल्या चंबूत जाते आणि पाणी त्या रेघेपर्यंत भरले जाते.

या हिशेबाची कागदावरील मांडणी पाहण्यासारखी असते. २५० मिलिलिटर या राशीला आधी '१ लिटर भागिले १००० मिलिलिटर' या अपूर्णांकाने, मग '०.१ मोल भागिले १ लिटर' याने आणि अखेरीस '५८.४४ ग्रॅम भागिले १ मोल' याने गुणले जाते. वरचे आणि खालचे एकक एकमेकांना छेदून जाते आणि शेवटी ग्रॅम उरतो. तिन्ही अपूर्णांक एकाच ओळीत, एकाच पद्धतीने लिहिलेले असतात आणि तिघांनाही रूपांतराचे गुणक म्हटले जाते. वस्तुतः त्यांची कुळे वेगवेगळी आहेत. पहिल्याचा अंश आणि छेद ही एकच राशी असल्यामुळे त्याची किंमत तंतोतंत एक आहे, आणि एकाने गुणल्याने काहीच बदलत नाही म्हणूनच राशी अबाधित राहते. दुसरा अपूर्णांक या एका द्रावणापुरता, करणाऱ्याच्या संकल्पाने खरा आहे. तिसऱ्यात वर वस्तुमान आहे आणि खाली कणांच्या संख्येवर आधारलेली राशी आहे. या दोन जाती भिन्न असल्यामुळे त्याची किंमत एक आहे असे म्हणताच येत नाही. ५८.४४ हा आकडा कोणत्याही सभेने ठरवलेला नाही. बर्झेलियससारख्या रसायनज्ञांनी एकोणिसाव्या शतकात पिढ्यानपिढ्या चिकाटीने केलेल्या तोलांतून, आणि १८६० साली कार्ल्सरूहे येथे भरलेल्या परिषदेत कॅनिझारोने ज्या अणुभारांच्या गोंधळावर उपाय सुचवला त्या गोंधळातून मार्ग काढत, मानवजातीला तो सापडलेला आहे. तत्त्वज्ञ कांटने ज्यांना विश्लेषक आणि संश्लेषक विधाने म्हटले, म्हणजे जी केवळ शब्दांच्या अर्थावरून खरी ठरतात ती आणि ज्यांच्या खरेपणासाठी अर्थापलीकडचे ज्ञान लागते ती, त्यांची येथे एकाच ओळीत गाठ पडते. विद्यार्थी एकके छेदत जातो आणि माणसाच्या शब्दावरून सृष्टीच्या वस्तुस्थितीवर आपण कधी पाऊल टाकले हे त्याच्या ध्यानात येत नाही. ते त्याच्या ध्यानात आणून देणे हे रसायनशास्त्राच्या शिक्षकाचे काम आहे, आणि ते होत नाही ही खरी उणीव आहे.

ठराव म्हणजे मर्जी, असा अर्थ मात्र यातून काढू नये. मराठी व्यवहारात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा होता. गुंज हे वेलीचे बी, म्हणजे मोजमापाचे मूळ निसर्गातल्या एका वस्तूत होते, पण दोन गुंजा कधी अगदी सारख्या नसतात, म्हणून ते मूळ डळमळीत होते. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे स्वीकारली गेली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. तेव्हा ११.६६ ग्रॅमच्या आसपास असलेला तोळा आज महाराष्ट्रातील सराफी व्यवहारात दहा ग्रॅमचा समजला जातो. एककांच्या रूपांतरात राशी टिकते आणि नाव बदलते. तोळ्याच्या बाबतीत नाव टिकले आणि राशी बदलली, तरीही घेणारा आणि देणारा दोघांनाही नवा अर्थ ठाऊक असल्याने व्यवहार खरा राहिला. एकक हे असे परस्परांना दिलेले वचन असते आणि वचनभंगाची शिक्षा प्रत्यक्ष असते. थायरॉइडच्या विकारावर दिले जाणारे लिव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या हिश्शात, लिहून दिले जाते. शंभर मायक्रोग्रॅमच्या जागी शंभर मिलिग्रॅम वाचले गेले तर मात्रा हजारपट होते. येथे चूक ज्ञानाची नसते, वचनाची असते, आणि म्हणून ती अधिक गंभीर मानली पाहिजे.

ठरवलेले आणि सापडलेले यांतील सीमारेषा कायमची आखलेली आहे असे मानले तर पुढचा प्रश्न उरत नाही. परंतु ती रेषा सरकते, आणि ती सरकल्याची उदाहरणे रसायनशास्त्राच्या अगदी पहिल्या धड्यात आहेत. एक मिलिलिटर म्हणजे एक घन सेंटिमीटर, हे आज व्याख्येनेच खरे आहे. पण १९०१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लिटरची व्याख्या पाण्यावरून केली होती: कमाल घनतेच्या तापमानाला आणि प्रमाण वातावरणीय दाबाखाली एक किलोग्रॅम शुद्ध पाणी जितकी जागा व्यापते तेवढा एक लिटर. ही जागा प्रत्यक्ष मोजली असता हजार घन सेंटिमीटरपेक्षा दशलक्षात सुमारे अठ्ठावीस भागांनी जास्त भरली. म्हणजे १९०१ पासून १९६४ पर्यंत मिलिलिटर आणि घन सेंटिमीटर यांचे समीकरण हे पाण्याविषयीचे एक प्रायोगिक विधान होते आणि काटेकोरपणे पाहता ते चुकीचे होते. वरच्या २५० मिलिलिटरच्या चंबूत फरक पडला असता तो ०.००७ घन सेंटिमीटरचा. १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली, लिटर हे घन डेसिमीटरचेच दुसरे नाव ठरले, आणि कालपर्यंत अनुभवाने खोटे असलेले विधान अर्थाने खरे झाले. पाण्यात कणभरही बदल झाला नव्हता. तत्त्वज्ञ क्वाइनने १९५१ मध्ये विश्लेषक आणि संश्लेषक यांतील भेद तत्त्वतः आखता येत नाही असे प्रतिपादन केले होते. तेवढे टोकाचे मत मान्य करण्याची येथे गरज नाही, कारण लिटरच्या इतिहासात भेद प्रत्येक वेळी स्पष्ट आहे, फक्त तो कोठे आखावयाचा हे माणसे काळानुसार बदलतात.

किलोग्रॅमचा प्रश्न याहून गहन होता. १८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र येथे काचेच्या घंटांखाली जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा, उंची आणि व्यास दोन्ही सुमारे ३९ मिलिमीटर. त्याच्या सोबतच्या प्रतींशी त्याची फार क्वचित, अनेक दशकांच्या अंतराने तुलना केली गेली आणि शतकभरात त्यांच्यात सरासरी ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास अंतर पडल्याचे दिसले. आता ठोकळा हलका झाला की प्रती जड झाल्या? व्याख्येनुसार ठोकळ्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम असलेच पाहिजे, म्हणून दोष प्रतींचा, आणि प्रतींचाच नव्हे तर त्या हिशेबाने विश्वातल्या प्रत्येक वस्तूचे वस्तुमान वाढले असे म्हणणे भाग होते. तत्त्वज्ञ विटगेनस्टाइनने पॅरिसच्या प्रमाण मीटरविषयी असे म्हटले होते की तो एक मीटर लांब आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही, कारण मोजण्याचे साधन स्वतः मोजले जात नसते. क्रिपके या तत्त्वज्ञाने त्याला उत्तर दिले की त्या दांड्याने 'मीटर' हे नाव एका लांबीला चिकटवून दिले, पण दांडा तापला असता तर तो त्या लांबीचा राहिला नसता. म्हणून दांडा एक मीटर आहे हे अनुभवाची वाट न पाहता कळत असले तरी ते अनिवार्य सत्य नाही. ठोकळ्याच्या बाबतीत क्रिपकेचे म्हणणे अधिक पटते. तुलना करणाऱ्यांना पन्नास मायक्रोग्रॅमची चिंता वाटली याचा अर्थच असा की शब्दाच्या मागे एक वस्तुस्थिती आहे आणि ठोकळा तिच्यापासून ढळू शकतो, हे त्यांनी मनोमन मानले होते.

भारतीय परंपरेत हा विचार वैशेषिक दर्शनात सर्वाधिक सूक्ष्मतेने झालेला आहे. वैशेषिकांनी द्रव्यावर आश्रित असलेल्या गुणांच्या यादीत संख्या, परिमाण आणि गुरुत्व यांना स्वतंत्र स्थान दिले. परिमाण म्हणजे आकारमान, लहान-मोठे, लांब-आखूड. गुरुत्व म्हणजे पतनाला कारण होणारा, इंद्रियांना थेट न दिसणारा आणि पडण्यावरूनच अनुमानाने कळणारा गुण. आजच्या हिशेबातील मोल, घनफळ आणि वस्तुमान यांच्याशी हे तीन गुण जुळवून दाखवण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे, कारण वैशेषिकांचे गुरुत्व हे केवळ पृथ्वी आणि जल या द्रव्यांचे आहे आणि त्याच्या मागची सृष्टीची मांडणी निराळी आहे. घेण्यासारखा आहे तो त्यांचा संख्येविषयीचा विचार. एकत्व वस्तूत असतेच; परंतु द्वित्व, म्हणजे 'दोन' हा गुण, आणि त्यापुढील सर्व संख्या ज्ञात्याच्या अपेक्षाबुद्धीतून उत्पन्न होतात. 'हा एक, हा एक' असे अनेक वस्तूंना एकत्र गोवणारे ज्ञान म्हणजे अपेक्षाबुद्धी. ती असेल तोवर त्या वस्तूंवर द्वित्व राहते आणि ती संपली की द्वित्वही नष्ट होते. ही बुद्धी द्वित्वाला उत्पन्न करते की आधीच असलेल्याला केवळ प्रकट करते, यावर परंपरेत दीर्घ वाद झाला, आणि या विषयात ज्याची बुद्धी अडखळत नाही तो खरा वैशेषिक अशी कसोटीच रूढ झाली. यात लक्षणीय बाब ही की संख्या बुद्धीमुळे येते म्हणून ती खोटी किंवा काल्पनिक आहे असे वैशेषिक म्हणत नाहीत. ती वस्तूवरच असते, खरीच असते, फक्त तिच्या कारणांत ज्ञाता एक असतो. एककाच्या स्वरूपाचे इतके नेमके वर्णन क्वचितच सापडेल. १.४६१ हा अंक मिठात नाही आणि केवळ मनातही नाही. ग्रॅमची अपेक्षा धरून पाहणाऱ्यासाठी तो मिठावर खरोखर आहे, आणि मिलिग्रॅमची अपेक्षा धरणाऱ्यासाठी तितकाच खरेपणाने १४६१ आहे.

वैशेषिकांचा याहून धाडसी विचार परमाणूंविषयी आहे. परमाणू अणुपरिमाण, म्हणजे कल्पनीय तेवढे लहान. दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, जे झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणाऱ्या धुलिकणाएवढे, म्हणजे डोळ्यांना दिसणारे. अदृश्यांच्या जुळणीतून दृश्य आकार कोठून आला? परमाणूंच्या आकारमानातून तो आला असे म्हणता येत नाही, कारण परिमाण आपल्याच जातीचे अधिक तीव्र परिमाण उत्पन्न करते. लहानपणातून अधिक लहानपणच निघेल. म्हणून वैशेषिकांनी सांगितले की येथे मोठेपणाचे कारण संख्या आहे. स्थूल सृष्टीच्या मुळाशी मोजणी आहे, हा तो विचार. आणि मग त्यातूनच पुढचा प्रश्न अटळपणे आला: सृष्टीच्या आरंभी, देहधारी ज्ञाता कोणीच नसताना, परमाणूंमधील ती संख्या कोणाच्या अपेक्षाबुद्धीतून उत्पन्न झाली? दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीचे जे हेतू दिले त्यांत हा एक आहे. मोजल्याशिवाय संख्या नाही, संख्येशिवाय स्थूल जग नाही, जग तर आहे; म्हणून मोजणारा सर्वज्ञ असला पाहिजे.

हा युक्तिवाद आज सहज बाजूला सारण्याची रीत आहे, पण मोलाची व्याख्या शिकवणाऱ्याने तरी तसे करू नये. मोलातील कणांची संख्या ६.०२२१४०७६ गुणिले १० चा तेविसावा घात एवढी आहे, आणि इतके कण कोणीही एकेक करून मोजलेले नाहीत, मोजू शकणारही नाही. मग हा आकडा आला कोठून? सिलिकॉनच्या स्फटिकातून तो कसा निघतो हे पाहिले तर रूपांतराचा सगळा जीव त्यात दिसतो. सिलिकॉनच्या स्फटिकाची रचना एकसारख्या घनाकृती कोठड्यांची असते, प्रत्येक कोठडीची बाजू क्ष-किरणांनी मोजली असता सुमारे ०.५४३१ नॅनोमीटर भरते, आणि प्रत्येक कोठडीच्या वाट्याला आठ अणू येतात. सिलिकॉनच्या एका मोलाचे वस्तुमान सुमारे २८.०९ ग्रॅम आणि घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.३३ ग्रॅम, म्हणून एक मोल सुमारे १२.०६ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. कोठडीचे घनफळ ०.१६०२ घन नॅनोमीटर येते. एका सेंटिमीटरचे एक कोटी नॅनोमीटर होतात, पण एका घन सेंटिमीटरचे तितकेच घन नॅनोमीटर होत नाहीत, ते १० चा एकविसावा घात इतके होतात. गुणकाचाही घन करावा लागतो, आणि विद्यार्थ्यांचे गणित सर्वाधिक चुकते ते नेमके येथेच. आता १२.०६ घन सेंटिमीटरला कोठडीच्या घनफळाने भागून आठने गुणले की ६.०२ गुणिले १० चा तेविसावा घात ही संख्या समोर येते. एकही अणू न मोजता अणूंची संख्या मिळाली, आणि ती देणारी क्रिया दुसरे काही नसून सेंटिमीटरचे नॅनोमीटर करणे हीच आहे. शुद्ध सिलिकॉन-२८ च्या, सुमारे एक किलोग्रॅमच्या, जवळपास परिपूर्ण गोळ्यांवर हीच पद्धत इतक्या काटेकोरपणे राबवली गेली की अनिश्चितता दहा कोटींत दोन भाग किंवा त्याहून कमी उरली.

या उत्तराने उदयनाचार्यांच्या युक्तिवादाचे काय होते? मोजल्याशिवाय संख्या नसते ही त्यांची पहिली पायरी डळमळते, असे म्हणावे लागते. स्फटिकातील कोठड्यांची संख्या दोन घनफळांच्या गुणोत्तरात बांधलेली आहे आणि कोणी गुणोत्तर काढो वा न काढो, गोळ्यात कोठड्या तितक्याच आहेत. मोजणाऱ्याची बुद्धी तिला उत्पन्न करत नाही, प्रकट करते, म्हणजे वैशेषिकांच्याच घरच्या वादात दुसरा पक्ष अधिक बलवान ठरतो. परंतु त्यांचा प्रश्न तेवढ्याने संपत नाही. दहा कोटींत दोन भाग ही अनिश्चितता एका मोलामागे १० च्या सोळाव्या घाताइतक्या अणूंची आहे. तेवढ्या अणूंपुरते कोणत्याही माणसाचे ज्ञान गप्प आहे. संख्या आहे आणि ती कोणालाही नेमकी ठाऊक नाही, असे म्हणताना 'आहे' या क्रियापदाचा आधार काय, हा प्रश्न सर्वज्ञ ज्ञाता मानणाऱ्याला सुटलेला असतो आणि न मानणाऱ्यासाठी तो खुला राहतो. श्रद्धावंताने त्याला विज्ञानाचा पुरावा समजू नये आणि विज्ञाननिष्ठाने त्याला अज्ञानाचे लक्षण समजू नये.

मोलातील कणांच्या संख्येबाबत माणसांनी काय केले हे मात्र नोंदलेले आहे. १९७१ मध्ये मोल हे मूलभूत एकक झाले तेव्हा त्याची व्याख्या अशी होती की कार्बन-१२ च्या बारा ग्रॅममध्ये जितके अणू तितक्या कणांचा एक मोल. त्या काळी बारा हा आकडा ठरवलेला आणि कणांची संख्या शोधायची होती. २० मे २०१९ पासून कणांची संख्या ठरावाने नेमकी करण्यात आली आणि कार्बनच्या मोलाचे वस्तुमान शोधण्याची वस्तू झाले; ते अजूनही बाराच्या इतके जवळ आहे की दैनंदिन कामात फरक जाणवणार नाही, पण ते आता बाराच आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरलेला नाही. त्याच दिवशी सेव्रचा ठोकळाही व्याख्येच्या जागेवरून उतरला आणि इतर वस्तूंसारखीच मोजली जाणारी वस्तू झाला. अनिश्चितता नाहीशी झाली नाही. ती संख्येतून निघून वस्तुमानात, आणि तेथून काट्यावरच्या कागदावर येऊन बसली. बाजू ०.३ मिलिमीटर असलेल्या मिठाच्या घनाकृती कणाचे वस्तुमान सुमारे ०.०५८ मिलिग्रॅम होते, म्हणजे असा एक कण जवळपास नेमका एक मायक्रोमोल, मोलाचा दहा लाखावा हिस्सा. सोडियम आणि क्लोरीनच्या जोड्यांच्या भाषेत सुमारे साठ कोटी अब्ज. काट्यावर १.४६१ दिसल्यावर टिचकी मारणारे बोट थांबते, आणि असे पाच-सहा कण आणखी पडले असते तरी काट्याचा शेवटचा आकडा हललाच असता याची खात्री नसते.